कॅज्युअल्टीतून घरी जाणाऱ्या ज्येष्ठांची चिठ्ठी: औषधे सुरक्षितपणे कशी लिहावीत आणि कशी समजावून सांगावीत

रात्री पावणेबाराला गुडघेदुखीने हैराण झालेल्या आजींना घेऊन नातू येतो. आपण एक इंजेक्शन देतो, अर्धा तास पडून राहायला सांगतो आणि बरे वाटले की आठवड्याच्या गोळ्या लिहून घरी पाठवतो. ती चिठ्ठी घरी जाऊन ज्या पिशवीत पडते, त्या पिशवीत बीपीच्या, शुगरच्या, हृदयाच्या, झोपेच्या आणि मागच्या दुखण्यातून उरलेल्या गोळ्या आधीपासूनच असतात. आपल्या तीन गोळ्या आणि पिशवीतल्या सात गोळ्या एकाच पोटात जाणार असतात, पण चिठ्ठी लिहिताना आपल्यासमोर असतात त्या फक्त आपल्या तीन. नव्या आणि जुन्या औषधांच्या या सांध्यावर कोणाचेच लक्ष नसते, आणि अपाय बहुतेक वेळा तिथेच होतो.

हे मला माझ्याच एका चिठ्ठीने शिकवले. आजींचे वय ७८, वजन ४५ किलो, दोन्ही गुडघे सुजलेले. मी डायक्लोफेनॅक दिवसातून दोनदा, सात दिवस, असे लिहिले. “दुसऱ्या काही गोळ्या चालू आहेत का?” असे विचारल्यावर “बीपी-शुगरच्या आहेत” असे उत्तर आले आणि “त्या चालू ठेवा” असे सांगून मी पुढच्या रुग्णाकडे वळलो. सहाव्या दिवशी पहाटे त्यांना अर्धवट शुद्धीत परत आणले. रक्तातील साखर ४१ होती आणि लघवी आदल्या दुपारपासून झालेली नव्हती. बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड होते, आणि त्यात डायक्लोफेनॅकची भर पडल्यावर मूत्रपिंडांनी हात टेकले. मूत्रपिंडे थकली तशी शुगरच्या गोळीतले ग्लिमेपिराइड शरीराबाहेर पडेनासे झाले, त्यात अन्नावरची वासना उडालेली, आणि साखर उतरत गेली. आजी वाचल्या. त्या पहाटे मी त्यांची पिशवी पहिल्यांदा उघडून पाहिली. ती आधीच्या खेपेलाही नातवाच्या हातात होती.

हा लेख कॅज्युअल्टीत चिठ्ठी लिहिणारे तरुण डॉक्टर, ती समजावून सांगणाऱ्या सिस्टर आणि फार्मासिस्ट, तसेच ती चिठ्ठी घेऊन घरी जाणारे मुलगे, मुली, सुना आणि नातवंडे या सगळ्यांसाठी आहे. घरच्यांनी यातील कोणतीही गोळी केवळ लेख वाचून बंद किंवा सुरू करू नये. मात्र डॉक्टरांना योग्य प्रश्न विचारण्यासाठी याचा जरूर उपयोग करावा.

वृद्ध शरीरात औषध वेगळे का वागते

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठीच्या पुढचे लोक ९.९ टक्के होते, आणि हे प्रमाण तेव्हापासून वाढतच आले आहे. वयाबरोबर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता उतरते. स्नायू कमी होऊन चरबीचे प्रमाण वाढल्यामुळे डायझेपामसारखी चरबीत विरघळणारी औषधे शरीरात कितीतरी जास्त काळ रेंगाळतात. मेंदू गुंगी आणणाऱ्या औषधांना अधिक संवेदनशील होतो, आणि उभे राहताना रक्तदाब सावरण्याची क्षमता मंदावते. म्हणून चाळिशीतल्या माणसाला जी मात्रा सहज पचते, तीच मात्रा त्याच्या आईला पहाटे बाथरूमच्या वाटेवर पाडू शकते.

अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधांच्या दुष्परिणामांमुळे ज्या ज्येष्ठांना तातडीने भरती करावे लागले, त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांच्या बाबतीत कारण रक्त पातळ करणारे वॉरफरिन, इन्सुलिन, रक्तातील बिंबिका (प्लेटलेट) चिकटू न देणाऱ्या गोळ्या आणि साखर कमी करणाऱ्या गोळ्या या चारच गटांपैकी एक किंवा अधिक होते. ही सगळी रोजच्या वापरातली आणि गरजेची औषधे आहेत. त्यामुळे वेळ अगदीच कमी असेल, तर निदान या चार गटांपैकी काय चालू आहे, एवढे तरी विचारल्याशिवाय पेन हातात घेऊ नये.

पहिली पायरी: पिशवी टेबलावर ओतावी

“काही गोळ्या चालू आहेत का?” या प्रश्नाला आपल्याकडे “बीपी-शुगर” एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी “सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय घेता, ते क्रमाने सांगा” असे विचारले की माणूस आपला दिवस आठवत जातो आणि बऱ्याच गोष्टी आपोआप बाहेर येतात. पिशवी आणली असेल तर ती टेबलावर रिकामी करावी. आणली नसेल तर घरी जो कोणी असेल त्याला सगळ्या स्ट्रिपचे फोटो मोबाइलवर पाठवायला सांगावे. फोटो स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा हवा, कारण कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत असते आणि आतील औषधाचे नाव तिथे बारीक अक्षरांत छापलेले असते. दोन वेगळ्या डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी दिलेली एकच गोळी रुग्ण दुप्पट घेत असल्याचे या बारीक अक्षरांतूनच कळते.

लोक ज्यांना औषध मानत नाहीत, त्या गोष्टी मुद्दाम विचाराव्या लागतात. काचबिंदूसाठी घातले जाणारे टिमोलॉलचे थेंब डोळ्यांतून रक्तात उतरून नाडी मंद करू शकतात आणि दम्याच्या रुग्णाची धाप वाढवू शकतात, पण थेंबांना कोणी गोळ्यांत मोजत नाही. इन्सुलिनची बाटली फ्रीजमध्ये असल्याने पिशवीत येत नाही. संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी “रोजची नाही” म्हणून सांगायची राहून जाते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या, शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी आणि गुडघेदुखीवर कुठूनतरी आणलेल्या पुड्या यांची चौकशी रागावून केली तर खरे उत्तर मिळत नाही. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले सापडते. ते महिनोन्महिने घेतल्यावर एकाएकी थांबवले तर रक्तदाब आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून “बरं झालं सांगितलंत” असे म्हणून त्या पुड्या किती दिवसांपासून चालू आहेत, हे नोंदवावे.

आणखी एक गोष्ट इथेच तपासावी. चिठ्ठीवर लिहिलेली गोळी रुग्ण प्रत्यक्षात घेतो का? गोळ्या संपून पंधरा दिवस झाले म्हणून बीपी वाढलेले असते, आणि आपण ते न विचारता मात्रा वाढवून देतो. मग रुग्ण जुनी गोळी पुन्हा आणतो, नवीही घेतो, आणि चौथ्या दिवशी चक्कर येऊन पडतो.

दुसरी पायरी: आजची तक्रार औषधामुळेच तर नाही ना?

पडणे, चक्कर, भ्रम, बद्धकोष्ठ, लघवी अडकणे, अशक्तपणा आणि जेवण न जाणे या ज्येष्ठांच्या नेहमीच्या तक्रारी आहेत, आणि यांपैकी प्रत्येक तक्रार औषधामुळेही होऊ शकते. म्हणून नवे औषध लिहिण्याआधी जुन्या औषधांकडे संशयाने पाहावे.

चक्कर किंवा पडण्याच्या प्रत्येक ज्येष्ठ रुग्णाचा रक्तदाब आडवे आणि उभे असा दोन्ही प्रकारे मोजावा. पाच मिनिटे आडवे ठेवून एकदा मोजावा, मग आधार देऊन उभे करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर चक्करेचे कारण बहुतेक सापडलेच. ते प्रोस्टेटसाठीच्या टॅम्सुलोसिनमध्ये, लघवी वाढवणाऱ्या गोळीत किंवा बीपीच्या तीन गोळ्यांपैकी एकीत असू शकते. अशा वेळी चक्करेची गोळी लिहिणे म्हणजे मूळ कारण तसेच ठेवून वर आणखी गुंगी देणे होय.

एका औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध सुरू करण्याच्या साखळ्या आपल्याकडे फार आहेत. ॲम्लोडिपिनने पाय सुजतात, सुजेसाठी लघवीची गोळी सुरू होते, तिच्यामुळे सोडियम आणि पोटॅशियम उतरते, अशक्तपणा येतो आणि त्यावर ताकदीच्या गोळ्या लिहिल्या जातात. दुसरी साखळी मला अधिक अस्वस्थ करते. चक्करेसाठी पाच दिवस दिलेले सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन रुग्ण त्याच चिठ्ठीवर वर्षभर आणत राहतो. हळूहळू हात थरथरू लागतात, पावले घसटत पडू लागतात, पार्किन्सन म्हणून उपचार सुरू होतात आणि त्यासाठी दिलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिलने भ्रम होतो. मूळ गोळी थांबवल्यावर यातले बरेच रुग्ण काही महिन्यांत सुधारतात. त्यासाठी ती गोळी अजून चालू आहे, हे कोणाच्या तरी लक्षात यावे लागते.

सोडियम कमी झाल्यामुळे आलेला भ्रम पावसाळ्यात जुलाब-उलट्यांनंतर नेहमी दिसतो. थायझाइड वर्गातील बीपीची गोळी, नैराश्यावरच्या काही गोळ्या, कार्बामाझेपिन आणि ट्रॅमाडॉल यांनीही सोडियम उतरते. त्यामुळे बडबडणाऱ्या आजोबांना झोपेचे इंजेक्शन देण्याआधी सोडियम आणि साखर पाहावी आणि पोटावर हात ठेवून मूत्राशय तुंबलेला नाही ना, हे तपासावे.

तिसरी पायरी: क्रिएटिनिनवर विसंबू नये, हिशेब करावा

प्रयोगशाळेच्या अहवालात क्रिएटिनिन १.२ आले की आपण “किडनी ठीक” असे लिहून मोकळे होतो. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होते, मूत्रपिंडे ते रक्तातून गाळून बाहेर टाकतात, आणि कृश वृद्धाच्या अंगावर स्नायूच कमी असतात, त्यामुळे मूत्रपिंडे निम्म्याहून अधिक निकामी झाली तरी हा आकडा फारसा चढत नाही. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेले मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता काढण्याचे कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचे सूत्र औषधाची मात्रा ठरवण्यासाठी आजही उपयोगी आहे. १४० मधून वय वजा करावे, त्याला किलोतल्या वजनाने गुणावे, आलेल्या संख्येला क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागावे आणि रुग्ण स्त्री असेल तर ०.८५ ने गुणावे.

वरच्या आजींचा हिशेब करू. १४० वजा ७८ म्हणजे ६२. त्याला ४५ ने गुणले की २७९०. क्रिएटिनिन १.२ असल्याने ७२ ची १.२ पट म्हणजे ८६.४, आणि तिने भागले की ३२.३. शेवटी ०.८५ ने गुणल्यावर साधारण २७ मिलिलिटर प्रति मिनिट. अहवाल ज्याला जवळजवळ नॉर्मल म्हणत होता, ते मूत्रपिंड ३० च्याही खाली होते. या आकड्यावर डायक्लोफेनॅकच्या वर्गातील कोणतीही गोळी देऊ नये, लघवीच्या जंतुसंसर्गासाठी नायट्रोफ्युरँटॉइन निवडू नये, आणि प्रीगॅबालिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन किंवा इनॉक्सापॅरिन द्यायचे असेल तर मात्रा कमी करावी. यासाठी रुग्णाचे वजन करावे लागते. कॅज्युअल्टीत वजनकाटा ठेवावा आणि केसपेपरवर रक्तदाबाच्या शेजारी वजनाची जागा छापून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

चौथी पायरी: निवड

जगभर यासाठी तयार याद्या वापरल्या जातात. अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञ मार्क बिअर्स यांनी १९९१ मध्ये शुश्रूषागृहांतील वृद्धांसाठी टाळण्याजोग्या औषधांची यादी केली. ती आज अमेरिकन जेरिॲट्रिक्स सोसायटी सुधारत असते, आणि तिची २०२३ ची आवृत्ती उपलब्ध आहे. आयर्लंडमधून आलेले स्टॉप-स्टार्ट निकष केवळ काय टाळावे हे सांगत नाहीत, तर काय द्यायचे राहून गेले आहे तेही सांगतात. या याद्या हाताशी असाव्यात, पण त्यांत आपली मेडिकल दुकाने पूर्ण बसत नाहीत. एसेक्लोफेनॅक, निमेसुलाइड, सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन ही औषधे अमेरिकेत विकलीच जात नाहीत, त्यामुळे बिअर्स यादीत ती नावाने सापडणार नाहीत. औषध कोणत्या वर्गातले आहे, हे आपण स्वतः ओळखावे लागते.

दुखण्यासाठी सुरुवात पॅरासिटामॉलने करावी. ५० किलोंपेक्षा कमी वजनाच्या किंवा खंगलेल्या रुग्णाला ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीन ते चार वेळा, म्हणजे २ ग्रॅमच्या आत ठेवावे, आणि सर्दीच्या किंवा पोटदुखीच्या जोडगोळीतून आणखी पॅरासिटामॉल पोटात जात नाही ना, हे पाहावे. “दुखेल तेव्हा घ्या” यापेक्षा पहिले तीन दिवस ठरलेल्या वेळी घेतलेले पॅरासिटामॉल कितीतरी चांगले काम करते. गुडघ्यासारख्या एकाच सांध्याला डायक्लोफेनॅकचे जेल थोड्या जागेवर, थोडे दिवस लावता येते. शेक आणि काठी ही चिठ्ठीवर लिहिण्याजोगी उपाययोजनाच आहे. बीपीची सार्टन किंवा प्रिल वर्गातील गोळी (टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारखी), लघवीची गोळी आणि डायक्लोफेनॅकच्या वर्गातील वेदनाशामक गोळी ही तिहेरी जोडी कधीही जुळू देऊ नये. कॅज्युअल्टीत दिलेले डायक्लोफेनॅक किंवा किटोरोलॅकचे इंजेक्शनही याच हिशेबात धरावे. फ्रॅक्चरसारख्या तीव्र वेदनेत ट्रॅमाडॉल लिहावेच लागले तर सर्वांत लहान मात्रेत, दोन-तीन दिवसांपुरते लिहावे आणि गुंगी, उलटी व बद्धकोष्ठ यांची कल्पना द्यावी. स्नायू सैल करणारी गोळी मिसळलेल्या जोडगोळ्यांचा कमरेला होणारा फायदा थोडा असतो आणि त्यांनी पडण्याचा धोका मात्र नक्की वाढतो.

चक्कर मान वळवल्यावर किंवा कूस बदलल्यावर काही सेकंदच येत असेल, तर ती बहुधा कानातील कण सरकल्याने येते आणि एप्लीच्या पद्धतीने डोके फिरवून तिथल्या तिथे थांबवता येते. ही पद्धत शिकायला एक दुपार पुरते. गोळी लागलीच तर दोन-तीन दिवसांची लिहावी. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड पाच दिवसांच्या पुढे देऊ नये, आणि पार्किन्सनच्या रुग्णाला देऊच नये.

झोपेसाठी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम किंवा डायझेपाम कॅज्युअल्टीतून नव्याने सुरू करू नये. मात्र रुग्ण ती कित्येक वर्षे घेत असेल तर एका फटक्यात बंदही करू नये, कारण त्याने बेचैनी, भ्रम आणि फिट्स येऊ शकतात. ती हळूहळू कमी करण्याचे काम फॅमिली डॉक्टरांवर सोपवावे. अंगाला खाज सुटली किंवा सर्दी झाली म्हणून फेनिरामिन, क्लोरफेनिरामिन किंवा हायड्रॉक्सिझिन दिले की प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी त्याच रात्री अडकू शकते. पोटात कळ येते म्हणून दिलेल्या डायसायक्लोमिनचेही तसेच आहे.

जंतुसंसर्गात सर्वांत आधी प्रतिजैविक खरेच हवे का, हे ठरवावे. लघवीच्या तपासणीत जंतू दिसले, पण जळजळ, ताप किंवा ओटीपोटात दुखणे काहीच नाही, अशा वृद्धाला त्या अहवालावर उपचार करू नयेत. औषध हवेच असेल तर जुन्या गोळ्यांशी मेळ पाहावा. कोट्रायमोक्साझोल आणि टेल्मिसार्टन एकत्र आले, त्यात स्पिरोनोलॅक्टोनही असले, तर पोटॅशियम जीवघेण्या पातळीला जाऊ शकते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा लेव्होफ्लॉक्सॅसिन ग्लिमेपिराइडबरोबर साखर उतरवू शकते, आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतल्यास शोषलेच जात नाही. वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल चालू असेल तर प्रतिजैविक सुरू केल्यापासून तीन ते पाच दिवसांत आयएनआर (रक्त किती पातळ झाले आहे हे सांगणारी चाचणी) तपासायची तारीख चिठ्ठीवरच लिहावी. पावसाळ्यातल्या तापात डेंग्यू किंवा लेप्टोची शंका फिटेपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज दुसरे वेदनाशामक देऊ नये.

वेदनेत किंवा भीतीत बीपी १८० झाले, पण छातीत दुखणे, धाप किंवा लकव्याची लक्षणे नाहीत, तर वेदना कमी करून तासाभराने पुन्हा मोजावे. निफेडिपिनची कॅप्सूल जिभेखाली फोडून बीपी झटकन उतरवण्याने अर्धांगवायू आणि हृदयविकाराचा झटका आलेला आहे, म्हणून ती पद्धत पूर्ण बंद व्हावी. रोजच्या गोळीची मात्रा एका रात्रीच्या आकड्यावरून वाढवू नये. अॅसिडिटीची गोळी मात्र सरसकट कापू नये: ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू असलेल्या वृद्धाच्या पोटाचे ती रक्षण करते. त्यासाठी पँटोप्राझोल बरे, कारण ओमेप्राझोल क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करते.

पाचवी पायरी: जुन्या प्रत्येक गोळीचा निर्णय

“आधीच्या गोळ्या चालू ठेवा” हे वाक्य चिठ्ठीवरून हद्दपार करावे. त्याऐवजी प्रत्येक जुनी गोळी चालू, तात्पुरती बंद, मात्रा बदलली किंवा कायमची बंद यांपैकी कोणत्या रकान्यात जाते, ते लिहावे.

जुलाब-उलट्या होत असतील आणि खाणेपिणे सुटले असेल, तर मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या शुगरच्या गोळ्या, लघवीची गोळी आणि सार्टन किंवा प्रिल वर्गातील बीपीची गोळी डॉक्टरांनी पाहून तात्पुरती थांबवावी लागते, आणि नीट जेवण-पाणी सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांत पुन्हा सुरू करावी लागते. थांबवण्याइतकीच सुरू करण्याची तारीख महत्त्वाची आहे. ती लिहिली नाही तर गोळी कायमची सुटते आणि महिन्याभराने रुग्ण धाप लागून परत येतो. इन्सुलिन मनाने पूर्ण बंद करू नये. मात्रा कमी करायची असली तरी ती डॉक्टरांनी ठरवावी.

ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडमुळे साखर उतरून आलेल्या वृद्धाला शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचे द्रावण) दिले की तो उठून बसतो, घरचे निघायची घाई करतात, आणि चार-सहा तासांत साखर पुन्हा उतरते, कारण गोळीचा अंमल तेव्हाही चालू असतो. अशा रुग्णाला किमान २४ तास देखरेखीखाली ठेवावे आणि ती गोळी परत न देता घरी पाठवावे.

हृदयात स्टेंट बसवलेल्या रुग्णाची ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलची जोडी किरकोळ रक्तस्रावासाठी हृदयरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय तोडू नये. मेटोप्रोलॉल, क्लोनिडिन, फिट्सच्या गोळ्या, लेव्होडोपा आणि दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड हेही संबंधित डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एकाएकी बंद करू नये.

सहावी पायरी: चिठ्ठी

औषधाचे नाव शास्त्रीय नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असा भारतीय वैद्यक परिषदेचा २०१६ चा नियम आहे. त्यापुढे एक पाऊल टाकून वेळा मराठीत लिहाव्यात. बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस ही आपापसातली भाषा झाली. ती रुग्णासाठी नाही. त्या आजींची चिठ्ठी मी आता अशी लिहीन: “पॅरासिटामॉल ५००. सकाळी १, दुपारी १, रात्री १, जेवणानंतर. गुडघेदुखीसाठी. शुक्रवार १० ते मंगळवार १४ तारखेपर्यंत, मग बंद. बीपीची गोळी चालू. शुगरच्या जोडगोळीबद्दल सोमवारी किडनीचा अहवाल घेऊन फॅमिली डॉक्टरांना दाखवणे. सोमवारपर्यंत ज्या वेळी जेवण झाले नसेल त्या वेळी शुगरची गोळी घेऊ नये. मेडिकलमधून अंगदुखीची दुसरी कोणतीही गोळी आणू नये.” प्रत्येक ओळीत कशासाठी आणि कधीपर्यंत हे आले की ती गोळी वर्षभर चालू राहण्याची शक्यता खूप कमी होते. आठवड्यातून एकदाच्या मेथोट्रेक्सेटला वाराचे नाव द्यावे: “फक्त रविवारी”. ती रोज घेतल्याने रुग्ण दगावले आहेत. अर्धी गोळी लिहिताना ती कापणार कोण, हे विचारावे. हात थरथरणाऱ्या आजोबांना कमी मात्रेची पूर्ण गोळी मिळते का, ते पाहावे.

सातवी पायरी: सांगणे आणि ऐकणे

“समजलं ना?” म्हटल्यावर सगळेच मान डोलावतात. त्याऐवजी “आजी, उद्या सकाळी चहानंतर कोणकोणत्या गोळ्या घ्याल, मला दाखवा बरं” असे म्हणून स्ट्रिप त्यांच्या हातात द्याव्यात. चूक झाली तर आपले सांगणे कमी पडले असे समजून पुन्हा सांगावे. श्रवणयंत्र घरी राहिले असेल तर समोर बसून, चेहरा दिसेल असे, सावकाश बोलावे. घरी गोळ्या प्रत्यक्ष देते कोण, हे विचारावे. ती सून किंवा शेजारीण असेल तर तिला फोनवर घ्यावे. बंद केलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिपवर मार्करने फुली मारून त्या वेगळ्या कागदी पाकिटात घालून द्याव्यात.

परत कधी यायचे, हे ठोस शब्दांत सांगावे. आठ-दहा तास लघवी न होणे, न उठवता येण्याइतकी झोप, नवी असंबद्ध बडबड, काळी शी, पडणे, अंगभर पुरळ किंवा घाम येऊन थरथरणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता यावे किंवा १०८ ला फोन करावा.

घरी गेल्यानंतर

दोन-तीन दिवसांनी एक फोन करावा. सिस्टर किंवा इंटर्नने केलेला पाच मिनिटांचा फोनही पुरतो: नव्या गोळ्या आणल्या का, बंद केलेल्या खरेच बंद आहेत का, जेवण आणि लघवी कशी आहे. फॅमिली डॉक्टरांना चार ओळींची नोंद मोबाइलवर पाठवावी, कारण पुढची मात्रा तेच ठरवणार असतात. औषधाचा अपाय झाल्याची शंका असेल तर भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर नोंद करता येते, आणि ही नोंद रुग्ण किंवा घरचेही करू शकतात.

विभागाची सवय

एकट्या डॉक्टरच्या शिस्तीवर हे टिकत नाही, कारण रात्री तीन वाजता शिस्त थकते. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत, अटलांटापासून सुरुवात करून, इक्विप्ड नावाचा उपक्रम राबवला गेला. त्यात डॉक्टरांचे प्रशिक्षण झाले, संगणकावर ज्येष्ठांसाठी तयार सुरक्षित चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या, आणि प्रत्येक डॉक्टरला त्याने लिहिलेल्या टाळण्याजोग्या औषधांचे प्रमाण नियमित कळवले गेले. या तीन गोष्टी एकत्र आल्यावर ते प्रमाण घटले.

ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात संगणकाची वाट पाहण्याची गरज नाही. गुडघेदुखी, चक्कर, लघवीचा जंतुसंसर्ग आणि जुलाब या चार तक्रारींसाठी साठीच्या पुढच्या रुग्णांच्या तयार चिठ्ठ्या छापून टेबलाच्या काचेखाली ठेवाव्यात. महिन्यातून एकदा केसपेपरच्या गठ्ठ्यातून अशा २० रुग्णांच्या चिठ्ठ्या काढाव्यात. पिशवी पाहिल्याची नोंद आहे का, वजन आहे का, वेदनाशामक किंवा झोपेची गोळी लिहिली का, आणि थांबवण्याची तारीख आहे का, हे चार प्रश्न प्रत्येक चिठ्ठीला विचारून आकडे फळ्यावर लिहावेत. डॉक्टरांची नावे लिहू नयेत. ज्याची चिठ्ठी असते त्याला ती ओळखू येते. आमच्याकडे पहिल्या महिन्यात वजनाचा रकाना जवळजवळ सगळीकडे रिकामा निघाला. तेव्हा वजनकाटा ओपीडीत कुलपात होता, हे सिस्टरांनी लक्षात आणून दिले, आणि दुसऱ्या दिवशी तो कॅज्युअल्टीच्या दाराशी आणून ठेवला.